हरणे दिसण्याआधीच पळून जातात: धूम्रपान करणाऱ्या निरीक्षकांसाठी आवाज आणि वासाच्या तपासण्या

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ठाण्याच्या बाजूचे येऊर, वसईजवळचे तुंगारेश्वर किंवा तानसा अशा ठिकाणी रीतसर परवानगी घेऊन पहाटे हरणे पाहायला जाणाऱ्या छोट्या गटांबरोबर मी नियमितपणे जातो. या गटांतील धूम्रपान करणाऱ्या मंडळींची तक्रार बहुधा एकच असते: जंगलात आम्ही एकही सिगारेट पेटवत नाही, तरीही आम्ही बसलो की चितळांचा कळप पुढे येत नाही आणि सांबर तर आवाज देऊन निघूनच जाते. हा दोष अनेकांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा शोधून दूर करावा लागल्यामुळे त्याचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा हे आता मला ठरवता आले आहे. तोच क्रम येथे मांडतो. सुरुवात फुकट होणाऱ्या तपासण्यांपासून आहे, आणि खर्चाच्या किंवा कष्टाच्या गोष्टी शेवटी आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतात हरणांची शिकार हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे येथील सर्व विवेचन केवळ डोळ्यांनी आणि कॅमेऱ्याने हरणे पाहणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना घेऊन कायदेशीरपणे होते आणि तेथील शिकाऱ्यांमध्ये झाडावरच्या बैठकीत सिगारेट ओढावी की नाही यावर मतभेद आहेत. काही जण तर असे म्हणतात की धुरामुळे वारा कोणीकडे वाहतो हे कळते, म्हणून सिगारेट उपयोगीच आहे. आपल्याकडे हा युक्तिवाद पहिल्याच पायरीवर संपतो. कलम ३० नुसार अभयारण्यात आग लावणे किंवा पेटती वस्तू टाकून जाणे निषिद्ध आहे, तीच तरतूद राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते, आणि फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत सागाचा व ऐनाचा पाचोळा इतका वाळलेला असतो की वन विभागाने आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे, म्हणजे जाळरेषाही वाऱ्याच्या दिवशी अपुऱ्या पडू शकतात. म्हणून जंगलात धूम्रपान करायचे नाही हे गृहीत धरूनच पुढे वाचावे. प्रश्न उरतो तो जंगलाबाहेर ओढलेल्या सिगारेटचा, कारण तिचा वास आणि तिच्यासोबत येणारे आवाज आपण अंगावर घेऊनच आत जातो.

लक्षणे

हरीण नेमके कशाला बुजले हे त्याच्या वागण्यावरून बऱ्याच अंशी ओळखता येते, आणि ही ओळख नीट झाली तर पुढच्या निम्म्या तपासण्या वाचतात.

आवाजाला बुजलेले हरीण बहुधा जागच्या जागी थिजते. दोन्ही कान आवाजाच्या दिशेने वळतात, मान ताठ होते, पुढचा एक पाय हळूच उचलून जमिनीवर आपटला जातो. आवाज पुन्हा आला नाही तर काही मिनिटांत ते मान खाली घालून चरू लागते. तुमच्या गटाला असे थिजणे वारंवार दिसत असेल आणि त्यानंतर कळप परत शांत होत असेल, तर दोष वासाचा नसून आवाजाचा आहे.

वासाने बुजलेले हरीण वेगळे वागते. ते नाक वर करते, नाकपुड्या हलवते आणि पुष्कळदा तुमच्याकडे न पाहताच वळून निघून जाते. काही वेळा ते लांबून वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे तुमच्याकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला येते आणि तेथे पोहोचताच आवाज देऊन पळते. कळपातील जी चितळे तुमच्या वाऱ्याच्या रेषेत आहेत तीच आधी हलतात आणि बाजूची चरत राहतात, हे वासाचे सर्वांत खात्रीचे लक्षण आहे.

तिसरे लक्षण वेळेचे आहे. बसल्यावर पहिला तास सगळे ठीक असते आणि त्यानंतर कळप अस्वस्थ होऊ लागतो. याची दोन कारणे असू शकतात. एक तर वारा फिरलेला असतो, नाहीतर धूम्रपान करणाऱ्या सदस्याला तलफ आलेली असते. दोन्हींचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

उद्यानाच्या पर्यटन विभागातील चितळांवर मात्र काहीही ताडून पाहू नये. ती माणसांच्या वर्दळीला इतकी सरावलेली असतात की धुराचा वास असलेल्या माणसासमोरही ती निवांत चरतात, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष आतल्या पायवाटेवर हमखास चुकतो.

दोष आपला आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि तिला फक्त दहा मिनिटांची स्तब्धता लागते. बोरिवलीच्या जंगलात बिबट्यांचे प्रमाण जास्त आहे, त्यामुळे हरणांना घाबरण्यासाठी आपली गरज नसते. जंगलाच्या कडेने आत शिरणारी भटकी कुत्री हे दुसरे मोठे कारण असते. चितळाची तीव्र किंकाळी, सांबराचा खोल, घुमणारा आवाज, भेकराचे कुत्र्यासारखे भुंकणे किंवा झाडावरच्या वानरांचे खेकारणे ऐकू आले, तर आधी ते आवाज कोणत्या बाजूने येतात आणि प्राणी कोणीकडे तोंड करून उभे आहेत हे पाहावे. त्यांची तोंडे तुमच्याकडे नसतील तर तुमच्या कपड्यांत किंवा खिशांत दोष शोधण्यात अर्थ नाही.

ही तपासणी प्रथम करण्याचे कारण सुरक्षिततेचे आहे. आवाज सतत येत असतील आणि हळूहळू तुमच्या दिशेने सरकत असतील, तर बैठक तेथेच सोडून, सर्वांनी एकत्र राहून, न धावता आल्या वाटेने परत फिरावे. बिबट्या दिसेल या आशेने आवाजाच्या दिशेने जाणे मी कोणत्याही गटाला करू देत नाही.

वारा

माझ्या मते या सबंध प्रश्नाचा मोठा भाग येथेच सुटतो, म्हणून या तपासणीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मी सांगतो. धूम्रपान न करणाऱ्या माणसाच्याही घामाचा, साबणाचा आणि श्वासाचा वास हरणाला येतोच. सिगारेट किंवा बिडीमुळे त्यात भर पडते आणि हा वास अधिक काळ टिकतो, इतकाच फरक. वारा हरणाकडून तुमच्याकडे येत असेल तर हा फरक जवळजवळ निरर्थक ठरतो, आणि वारा तुमच्याकडून हरणाकडे जात असेल तर आंघोळ करून आलेला धूम्रपान न करणारा माणूसही लपत नाही.

वारा पाहण्यासाठी सिगारेट पेटवण्याची मुळीच गरज नाही. वीतभर लांबीचा बारीक रेशमी दोरा कॅमेऱ्याच्या किंवा दुर्बिणीच्या पट्ट्याला बांधून ठेवावा. अगदी मंद झुळुकीनेही तो हलतो. उन्हाळ्यात काटेसावरीची बोंडे फुटलेली असली तर तिच्या कापसाची एक बट हवेत सोडून पाहावी. ती ज्या वाटेने तरंगत जाते ती तुमच्या वासाची वाट असते, आणि ती वाट सरळ नसते, झाडांच्या बुंध्यांशी वळते, ओढ्यात खाली उतरते, हे डोळ्यांना दिसते. सुगंधी पावडर उडवून वारा पाहण्याची पद्धत मात्र टाळावी, कारण त्यात आपणच एक नवा वास हवेत सोडतो.

मुंबईच्या जंगलांत वाऱ्याची एक स्थानिक शिस्त आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, म्हणजे त्यांची दिशा सर्वसाधारणपणे पूर्वेकडून पश्चिमेकडे असते. सकाळ चढत जाते तशी जमीन तापते, मतलई वारा पडतो, आणि दुपारच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे सुरू होतात, जे पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतात. आता नकाशा डोळ्यांसमोर आणावा. बोरिवली उद्यानाच्या पश्चिमेला आहे आणि येऊर पूर्वेला. पहाटे बोरिवलीच्या बाजूने पूर्वेकडे चालणाऱ्या माणसाच्या तोंडावर वारा असतो, म्हणून त्याचा वास मागे शहराकडे जातो. त्याच वेळी येऊरच्या बाजूने पश्चिमेकडे शिरणाऱ्या माणसाच्या पाठीवर वारा असतो, आणि त्याचा वास त्याच्या आधी जंगलात पोहोचतो. बोरिवलीला हरणे दिसतात पण येऊरला कधीच दिसत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांच्या सवयी दोन्हीकडे सारख्याच असतात. फरक वाऱ्याच्या बाजूचा असतो. येऊरकडून जाताना म्हणूनच सरळ आत न चालता, परवानगी असलेल्या वाटेवर जेथे वारा कुशीवर येईल अशी बसण्याची जागा निवडावी.

याला दरीतील हवेची जोड द्यावी लागते. रात्री थंड झालेली जड हवा पहाटे उतारावरून खाली वाहते, आणि ऊन पडल्यावर तापलेली हवा उतारावरून वर चढते. उतारावर वरच्या बाजूला बसून खालच्या ओढ्यातील सांबराची वाट पाहणारा माणूस पहाटे स्वतःचा वास त्याच ओढ्यात सोडत असतो. पहाटेची बैठक खालच्या अंगाला आणि ऊन चढल्यानंतरची बैठक वरच्या अंगाला असावी, हा नियम बहुतेक वेळा लागू पडतो. वारा फिरण्याच्या मधल्या काळात, साधारणपणे सकाळी उशिरा, दोरा कधी इकडे तर कधी तिकडे हलू लागतो. त्या वेळी कोणतीही जागा योग्य नसते, आणि उठून परतणे हाच सरळ मार्ग असतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा दिवसभर बऱ्यापैकी स्थिर राहतो आणि ओल्या पाचोळ्यावर पाऊलही वाजत नाही. पण दमट हवेत वास रेंगाळतो आणि मुंबईत तेव्हा कपडे वाळत नाहीत, याचा उल्लेख पुढे येईलच.

खिसे

वाऱ्याची तपासणी झाली आणि तरीही हरणे थिजत असतील, तर प्रवेशद्वारापाशी सर्वांनी खिसे रिकामे करावेत. याला पाच मिनिटे लागतात. धूम्रपान करणाऱ्याच्या खिशात आवाजाच्या वस्तू इतरांपेक्षा जास्त असतात. पाकिटावरचा पातळ पारदर्शक कागद कुरकुरतो, आतला चमकदार कागद त्याहून जास्त वाजतो, अर्धी भरलेली काडेपेटी प्रत्येक पावलागणिक खुळखुळते, आणि लायटर किल्ल्यांवर आपटतो. हे आवाज माणसाला क्षुल्लक वाटतात, कारण ते मोठे नसतात. पण त्यांचा सूर उंच असतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत त्यांचे कान सुमारे ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील आढळले, आणि माणसाला ऐकू न येणारे उंच आवाजही त्यांना ऐकू येतात असे दिसून आले. कागदाची कुरकुर, धातूची किणकिण आणि चिकटपट्टी उघडतानाची चरचर या सगळ्यांत असे उंच सूर भरपूर असतात. शिवाय जंगलात पाचोळ्यावरचे पाऊल, तुटणारी काटकी किंवा पडणारे फळ हे आवाज रोजचेच असतात. लायटरच्या चाकाचा आवाज तेथे दुसरे कोणीही करत नाही.

पाकीट, लायटर आणि काडेपेटी आत नेऊच नयेत. केवळ जवळ बाळगतो, वापरत नाही, हा खुलासा प्रवेशद्वारावरील वनरक्षक मान्य करत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. गुटख्याची पुडी हाही याच जातीचा आवाज आहे, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ई-सिगारेटला वास नसतो म्हणून ती चालेल का, असे तरुण सदस्य हमखास विचारतात. तिच्या वाफेला गोड, फळांसारखा वास असतो, तो हरणांना परकाच असतो, आणि ई-सिगारेटची विक्री व साठा यांवर देशात २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो मार्गही बंद समजावा.

बोटे, श्वास आणि टपरीवरची शेवटची सिगारेट

पहिली लोकल पकडून बोरिवलीला उतरायचे, स्टेशनबाहेर कटिंग घ्यायचा, आता तीन-चार तास ओढता येणार नाही म्हणून एकामागून एक दोन सिगारेटी ओढायच्या आणि लगेच उद्यानाकडे निघायचे, हा क्रम इतका ठरलेला आहे की तो दोष म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. शेवटच्या झुरक्यानंतरही काही मिनिटे श्वासातून धुराचे कण बाहेर पडत राहतात. बोटे, केस आणि दाढी-मिशा तर वास त्याहून बराच अधिक काळ धरून ठेवतात. म्हणून शेवटची सिगारेट घरी, आंघोळीच्या आधी ओढावी आणि नंतर टपरीवर फक्त चहा घ्यावा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान आत जाण्यापूर्वी बिनवासाच्या साबणाने हात कोपरापर्यंत आणि तोंड स्वच्छ धुवावे, खळखळून चूळ भरावी, आणि ओल्या फडक्याने केस पुसून घ्यावेत.

वेलची, लवंग, पुदिन्याची गोळी किंवा अत्तर यांनी सिगारेटचा वास झाकला जातो, हा समज मी पुन्हा पुन्हा खोडून काढतो. माणसाच्या नाकाला तो झाकला गेल्यासारखा वाटतो. हरणाचे नाक एकत्र आलेले वास वेगवेगळे ओळखू शकते, त्यामुळे त्याला सिगारेटही कळते, पुदिनाही कळतो आणि माणूसही कळतो. झाकण्यासाठी काही लावू नये, जे आहे ते धुऊन काढावे.

कपडे, टोपी आणि पट्टा

निकोटीन आणि धुरातील इतर द्रव्ये सुती कापडात शिरून बसतात आणि उष्णतेने व घामाने हळूहळू पुन्हा हवेत येतात. त्यामुळे कालच्या सिगारेटचा वास आजच्या चढणीवर जाणवतो. जंगलाचे कपडे वेगळे ठेवावेत, बिनवासाच्या साबणाने धुवावेत, कडक उन्हात वाळवावेत आणि घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून न्यावेत. घरून तेच घालून लोकलच्या गर्दीत उभे राहण्यापेक्षा प्रवेशद्वाराजवळ बदलावेत. टिनोपाल किंवा कपडे चमकवणारी तत्सम द्रव्ये त्यांना लावू नयेत. माणसाला न दिसणारा अतिनील प्रकाश हरणांना काही प्रमाणात दिसतो, आणि ही द्रव्ये नेमकी त्याच प्रकाशात उजळतात. पावसाळ्यात घरातल्या दोरीवर वाळलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, आणि त्याच खोलीत कोणी सिगारेट ओढत असेल तर धुतलेले कपडे वाळता वाळताच पुन्हा धूर शोषून घेतात. अशा वेळी कपडे शेजारच्या किंवा नातेवाइकांच्या घरी वाळवावेत असे मी गंभीरपणे सुचवतो, आणि ज्यांनी ऐकले त्यांना त्याचा उपयोग झाला आहे.

इतके करूनही वासाची लक्षणे जात नाहीत असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा मी आधी कॅमेऱ्याचा पट्टा हातात घेतो. मानेवर घासणारा, आतून स्पंज असलेला तो पट्टा वर्षानुवर्षे धुतला जात नाही, आणि सिगारेट धरणारी बोटे दिवसभर त्यालाच लागतात. टोपीची आतली पट्टी, पाठपिशवीचे खांद्याचे बंद आणि दुर्बिणीची पिशवी या जागाही तशाच असतात. या वस्तू कोमट पाण्यात साबण घालून भिजवाव्यात आणि दोन दिवस उन्हात ठेवाव्यात. खर्च काहीच नाही, पण कोणीही करत नाही. वासाच्या न सुटणाऱ्या तक्रारींत मला कारण बहुधा येथेच सापडले आहे.

तलफ

येथून पुढच्या गोष्टी पैशाने सुटत नाहीत. निकोटीनचे रक्तातील प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, आणि नियमित ओढणाऱ्याला त्याच्या पुष्कळ आधीच अस्वस्थ वाटू लागते. पाय हलू लागतो, बोटे काहीतरी चाळत राहतात, बसण्याची ढब सारखी बदलते, घड्याळ पाहिले जाते, शेजाऱ्याशी कुजबुज सुरू होते. पहिल्या तासानंतर कळप बिचकू लागतो याचे हे दुसरे कारण. पाचोळ्यावर बसलेल्या माणसाचा हलणारा पाय हा वासापेक्षाही लवकर पोहोचणारा दोष आहे, आणि ज्याचा पाय हलतो त्याला तो जाणवत नसल्यामुळे शेजाऱ्याने खांद्यावर हात ठेवून तो सांगावा, असे गटात आधीच ठरवून घ्यावे.

यावर सोपा उपाय म्हणजे बैठक लहान करणे. चार तास कसेबसे बसण्यापेक्षा सव्वा तास पूर्ण स्तब्ध बसून नंतर सर्वांनी मिळून परत फिरणे हरणांसाठीही चांगले असते. याचा मला विशेष आग्रह आहे, कारण कळप उधळला की नुकसान आपल्या छायाचित्रापुरते राहत नाही. चितळाची मादी नवजात पाडसाला गवतात दडवून चरायला जाते, आणि ती घाबरून दूर गेली की पाडसू तितका वेळ एकटे राहते. पाणवठ्यावर आलेले जनावर उन्हाळ्यात पाणी न पिता परत गेले तर त्याला पुन्हा तेवढी चाल करावी लागते. पाणवठ्यावरील वन्यप्राण्यांच्या निरीक्षणासाठी बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्रभर बसण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी तलफ सांभाळता येते की नाही हे आधी छोट्या बैठकांत पाहावे, आणि येत नसेल तर त्या रात्रीचे नाव नोंदवू नये.

निकोटीनयुक्त गम काही जणांना उपयोगी पडतो, मात्र तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. आवाजाच्या दृष्टीने एक सूचना करतो. गमची गोळी पत्र्यासारख्या आवरणातून काढताना टचकन आवाज होतो, म्हणून लागणाऱ्या गोळ्या आधीच काढून कापडी पुरचुंडीत ठेवाव्यात. सुगंधी प्रकार घेऊ नये.

खोकला

धूम्रपान करणाऱ्याचा सकाळचा खोकला दाबून ठेवता येत नाही, आणि दाबला तर नंतर अधिक जोराने येतो. कोमट पाण्याचे छोटे घोट, आत जाण्यापूर्वी दहा मिनिटे चालून छाती मोकळी करून घेणे, आणि खोकला आलाच तर तोंड कोपरात खुपसणे एवढेच जंगलात करता येते. मेंथॉलच्या गोळ्यांचा वास दूर जातो, म्हणून त्या टाळाव्यात.

येथे मात्र जंगलाचा विचार बाजूला ठेवून बोलणे भाग आहे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, थुंकीतून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा नेहमीच्या चढणीवर दम लागू लागला असेल, तर हा प्रश्न वन्यजीव निरीक्षणाचा राहिलेला नाही. दोन आठवड्यांच्या खोकल्यानंतर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी असे राष्ट्रीय कार्यक्रम सांगतो, आणि ही तपासणी महापालिकेच्या रुग्णालयांत मोफत होते. पुढची सहल तपासणीनंतर.

जागा आणि उपकरणे

जागा बदलणे किंवा उंचावर बसणे हे या क्रमात उशिरा येते, कारण त्यासाठी वन विभागाची वेगळी परवानगी लागते आणि मचाण स्वतःहून बांधता येत नाही. उंचीमुळे वास हरणाच्या नाकाच्या वरून जातो हे काही वेळा खरे असते, पण पहाटेच्या खाली उतरणाऱ्या हवेत तो मचाणाच्या पायथ्याशीच येऊन साठतो. वाऱ्याची तपासणी मचाणावरही टळत नाही.

कॅमेऱ्यात फोकस झाल्याची शिटी आणि अंधारात पेटणारा मदतीचा दिवा बंद करावा, आणि आवाजरहित शटरची सोय असेल तर ती वापरावी. हे सगळे बंद करूनही लेन्समधून करकर येत असेल तर ती स्वतः उघडू नये, अधिकृत दुरुस्ती केंद्रात न्यावी.

वास शोषणारे कोळशाचे अस्तर असलेले कपडे, वासनाशक फवारे आणि ओझोन सोडणारी यंत्रे अमेरिकेतील शिकाऱ्यांसाठी विकली जातात आणि आपल्याकडेही काही जण मागवतात. माझे मत स्पष्ट आहे: वारा, खिसे आणि पट्टा यांची तपासणी केल्याशिवाय यांवर पैसा घालवू नये, आणि ती केल्यानंतर यांची गरज सहसा उरत नाही. ओझोनचे यंत्र तर कोणीच घेऊ नये. ओझोन श्वसनमार्गाला दाह करतो, आणि धूम्रपानाने आधीच दुखावलेल्या फुप्फुसांसाठी तो अधिकच वाईट असतो.

सर्वांत कष्टाची आणि सर्वांत टिकाऊ दुरुस्ती धूम्रपान सोडणे ही आहे. ती एकट्याने करण्याचा अट्टहास धरू नये. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन करते.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

काही प्रसंगी वरील कोणतीही तपासणी करत बसू नये. पाणवठ्याच्या वाटेवर तारेचा फास, झाडीत आडवे लावलेले जाळे किंवा एकाच जागी पडलेली ताजी बिडीची थोटके आणि बसण्याच्या खुणा दिसल्या, तर हरणे बुजण्याचे कारण चोरटी शिकार असू शकते. फास हाताने काढू नये, थोटके उचलू नयेत, कारण तो पुरावा असतो. जागेचे छायाचित्र घ्यावे, फोनवर अक्षांश-रेखांश नोंदवावेत, आवाज न करता बाहेर पडावे आणि वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवावे. महाराष्ट्र वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे.

धूर दिसला किंवा पाचोळा पेटलेला आढळला तर तो विझवण्यासाठी गटाने पुढे सरसावू नये. वाऱ्याच्या उलट्या बाजूने, म्हणजे आग ज्या दिशेने पसरते आहे तिच्या विरुद्ध अंगाने बाहेर पडून लगेच कळवावे.

जखमी, लंगडणारे किंवा कुत्र्यांनी घेरलेले हरीण दिसले तर त्याला पकडण्याचा, पाणी पाजण्याचा किंवा गोंजारण्याचा प्रयत्न करू नये. पाठलागाने आणि हाताळणीने हरणाच्या स्नायूंवर इतका ताण येतो की वरून किरकोळ दिसणाऱ्या जखमेचे हरीणही नंतर मरू शकते. लांब उभे राहावे, बोलणे बंद करावे, आणि फोनवर चार गोष्टी सांगाव्यात: पायवाटेचे नाव व जवळची ओळखीची खूण, प्राणी चितळ आहे की सांबर की भेकर, तो उभा आहे की आडवा पडला आहे, आणि आसपास कुत्री किंवा माणसे आहेत का. पथक येईपर्यंत गटातील दोघांनी दिसेल इतक्या अंतरावर वाऱ्याच्या खालच्या बाजूला थांबावे आणि बाकीच्यांनी परत फिरावे.